व्हर्माँटच्या थंडीत घराला जळण कोणतं? नव्याने येणाऱ्यांसाठी

आमची पहिली चूक म्हणजे लाकूड ऑक्टोबरात विकत घेतलं.

न्यू जर्सीत असताना भिंतीवरचा थर्मोस्टॅट फिरवला की घर गरम होतं, एवढंच मला ठाऊक होतं. मग नवऱ्याला व्हर्माँटमधल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही कच्च्या रस्त्याच्या टोकाला एक जुनं लाकडी घर घेतलं. दिवाणखान्यात विटांचं मोठं फायरप्लेस होतं. फोटोत फार सुंदर दिसायचं. त्याच्या भरवशावर मी एका माणसाकडून दोन कॉर्ड (कॉर्ड हे लाकडाचं माप, पुढे सांगते) 'सीझन्ड' म्हणजे वाळवलेलं लाकूड मागवलं. ट्रकने ते अंगणात ओतलं, मी पैसे मोजले, ट्रक गेला.

पानगळ बघायला म्हणून साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी ढिगातली दोन लाकडं उचलली, एकमेकांवर आपटली आणि म्हणाल्या, "अगं, हे ओलं आहे. बद्द वाजतंय. वाळलेलं कसं खणखणीत वाजतं." अमेरिकेत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, पण जन्मभर बंब पेटवलेला. मी हसण्यावारी नेलं. त्या हिवाळ्यात फायरप्लेसच्या दाराची काच रोज काळी व्हायची, लाकडाच्या टोकाला फेस यायचा, चुरचुर आवाज करत पाणी उकळायचं आणि खोली थंडच राहायची. जानेवारीत धुरांडं साफ करणारा आला, तेव्हा त्याने आतून अर्धी बादली काळं, चकाकतं, डांबरासारखं काहीतरी काढलं. ते क्रिओसोट. ते पेटलं की धुरांड्याला आग लागते.

तुमच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे. मी लिहिते ते व्हर्माँटचं, पण मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्येही हिशोब साधारण हाच.

1. आधी घर बघा, जळण नंतर

तुमच्याकडे नुसतं उघडं फायरप्लेस असेल तर त्याला शोभेची वस्तू समजा. उघड्या आगीतली बहुतेक ऊब धुरांड्यावाटे वर जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. आग विझत आली की घर आधीपेक्षा गार. उणे 20 फॅरनहाइटला, म्हणजे उणे 29 सेल्सियसला, हे परवडत नाही.

त्यामुळे तीनच खरे पर्याय उरतात. फायरप्लेसच्या पोकळीत बसणारा बंद दाराचा 'इन्सर्ट', खोलीत मोकळा उभा असणारा स्टोव्ह, किंवा भिंतीतून बाहेर नळी काढून चालणारा गॅसचा नाहीतर पेलेटचा, म्हणजे भुश्श्याच्या गोळ्यांचा, स्टोव्ह. धुरांडं नसलेल्या घरात तिसरा पर्याय सर्वांत सोपा, कारण लाकडाच्या स्टोव्हसाठी छतातून नवीन धुरांडं काढायचं तर त्याचा खर्च कधीकधी स्टोव्हहून जास्त होतो.

जुनं धुरांडं असेल तर विकत घेण्याआधी ते तपासून घ्या. आत धातूचं किंवा मातीचं अस्तर शाबूत आहे का, विटा फुटल्या आहेत का, एवढं तरी लेखी मागा. सीएसआयए, म्हणजे धुरांड्यांच्या सुरक्षेची अमेरिकन संस्था, तिचं प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा. आमच्या घरी अस्तरच नव्हतं! घर विकणाऱ्याने 'वर्किंग फायरप्लेस' लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आग लागत होती.

आणि एक: जुनी फर्नेस, म्हणजे तेलावर किंवा गॅसवर सगळं घर गरम करणारी यंत्रणा, काढून टाकू नका. आठवडाभर भारतात, नाहीतर नुसतं बॉस्टनला गेलात तरी नळातलं पाणी गोठू नये म्हणून थर्मोस्टॅटवर चालणारं काहीतरी घरात असावंच लागतं. विमा कंपन्याही तेच विचारतात.

2. घरात माणसं कोण आणि किती, ते मोजा

ही पायरी कोणीच सांगत नाही, आणि माझ्या मते खरी निवड इथेच होते. लाकडाला दर काही तासांनी माणूस लागतो. आत आणायचं, रचायचं, पहाटे उठून निखाऱ्यावर घालायचं, राख काढायची. माझा नवरा आठवड्यातल्या दोन रात्री ड्युटीवर असतो. त्या रात्री उठते मी. मला ते आवडतं, म्हणून आमच्याकडे लाकूड आहे. तुम्ही दोघंही सकाळी सातला बाहेर पडून संध्याकाळी सहाला येत असाल, किंवा कोणाची पाठ दुखत असेल, तर स्वस्त पडतं म्हणून लाकडाच्या नादी लागू नका.

स्वतःला विचारा: जानेवारीत वीज गेली आणि घरात एकच माणूस असलं, तर त्याला काय पेटवता येईल?

3. जळणाचे प्रकार

लाकूड. विजेशिवाय चालतं, गावात मिळतं, घर खरोखर ऊबदार करतं. कष्ट सर्वांत जास्त. स्टोव्ह नवा घेत असाल तर पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या, 2020च्या निकषातला बघा. कॉर्डवुडवर, म्हणजे नेहमीच्या फोडलेल्या लाकडावर, चाचणी झाली असेल तर ताशी 2.5 ग्रॅमपेक्षा जास्त धूरकण नकोत, अशी मर्यादा आहे. कोणाच्या कोठारातला तीस वर्षांपूर्वीचा स्टोव्ह फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो लाकूड खातो आणि विमावाले तोंड वाकडं करतात.

पेलेट. भुश्श्याच्या दाबून केलेल्या गोळ्या. 40 पौंडांची पिशवी, 50 पिशव्यांचा एक टन, एका पॅलेटवर येतो. पिशवी ओतली की स्टोव्ह स्वतःच गोळ्या ओढून घेतो आणि थर्मोस्टॅटवर चालतो. कडक थंडीत दिवसाला साधारण एक पिशवी धरा. पण आत मोटर आहे, पंखा आहे, म्हणजे वीज हवी. वीज गेली की बंद. बॅटरी किंवा जनरेटर नसेल तर हा एकमेव आधार ठेवू नका. पिशव्या कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की गोळ्या फुगून पुन्हा भुस्सा होतो.

प्रोपेन. टाकीतून येणारा गॅस. बटण दाबलं की ज्योत. राख नाही, ओंडके नाहीत. कायम तेवती पायलट ज्योत असलेले काही स्टोव्ह विजेशिवायही चालतात. दुकानात हे मुद्दाम विचारा. महाग पडतं, पण थकलेल्या माणसासाठी पैसे वसूल. दोन सापळे आहेत. एक, बाहेर नळी नसलेला 'व्हेंट-फ्री' प्रकार घेऊ नका. जळून निघालेली सगळी वाफ आणि वायू घरातच राहतात आणि खिडक्यांवर पाणी ओघळतं. दुसरा सापळा टाकीचा. भाड्याची टाकी असेल तर ती फक्त त्याच कंपनीने भरायची, मग शेजारच्या कंपनीचा भाव कितीही कमी असो. करारात वार्षिक भाडं आणि टाकी परत नेण्याचा खर्च वाचल्याशिवाय सही नको. आणि 500 गॅलनच्या टाकीत 400च भरतात, वरचा पाचवा भाग द्रव प्रोपेन फुगायला मोकळा ठेवतात. पहिल्या वेळी मी यावरून फोनवर भांडले होते. माझंच चुकलं होतं.

दगडी कोळसा. पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट इथे अजून काही घरांत जळतो. एकदा पेटला की रात्रभर सहज पुरतो. पण त्याला खालून हवा लागते, वेगळी जाळी लागते. लाकडाच्या स्टोव्हमध्ये कोळसा कधीही घालू नका. त्याची राखही बागेत टाकायची नाही.

दाबलेल्या विटा. भुश्श्याच्याच, पण लाकडाच्या स्टोव्हमध्ये चालतात. पहिल्याच वर्षी आलात, कोरडं लाकूड कुठेच मिळेना, तर याच घ्या. एक टन विटा साधारण एका कॉर्डचं काम करतात. फार कोरड्या असतात, म्हणून एका वेळी दोन-तीनच घाला.

4. हिशोब असा करा

गॅलन, टन, कॉर्ड यांची थेट तुलना होत नाही. सगळं दहा लाख बीटीयूवर (बीटीयू हे उष्णतेचं माप) आणा. एका गॅलन प्रोपेनमध्ये 91,500 बीटीयू असतात, घर गरम करायच्या एका गॅलन तेलात सुमारे 1,38,500, एका टन पेलेटमध्ये सुमारे 1 कोटी 65 लाख आणि मिश्र कठीण लाकडाच्या कॉर्डमध्ये साधारण 2 कोटी 20 लाख. याला स्टोव्हच्या कार्यक्षमतेने गुणा आणि किमतीला त्याने भागा.

खालचे भाव मी हिशोबापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. कॉर्ड 350 डॉलर आणि स्टोव्ह 70 टक्के कार्यक्षम, तर दहा लाख बीटीयूला 23 डॉलर. पेलेट टनाला 350 आणि 80 टक्के, तर साडेसव्वीस. तेल गॅलनला 4 डॉलर आणि फर्नेस 85 टक्के, तर 34. प्रोपेन साडेतीन डॉलर आणि 75 टक्के, तर 51.

आता तेच लाकूड ओलं धरा. पाणी उकळण्यात ऊब जाते, कार्यक्षमता 50 टक्क्यांवर आली तर 23चे 32 डॉलर होतात. म्हणजे जवळपास तेलाचाच भाव, वर धुरांडं साफ करण्याचं बिल, आणि पहाटे उठायचे कष्ट फुकट. आमच्या पहिल्या हिवाळ्याचा हिशोब हाच होता.

जुन्या लेखांत लाकडाच्या आणि पेलेटच्या स्टोव्हवर 30 टक्के केंद्रीय करसवलत दिसेल. ती 2025च्या अखेरीस संपली. दुकानदार अजून तिचं नाव घेत असेल तर सावध व्हा.

5. लाकूड घ्यायचं ठरलं असेल तर

इथे थोडं थांबून वाचा, कारण फसवणूक आणि गैरसमज दोन्ही याच टप्प्यावर होतात.

माप. एक कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब, एकूण 128 घनफूट. तुकडे 16 इंची असतील तर 4 फूट उंच आणि 8 फूट लांब अशा तीन ओळी म्हणजे एक कॉर्ड. एकच ओळ म्हणजे 'फेस कॉर्ड', पूर्ण मापाचा तिसरा हिस्सा. ट्रकमधून ओतलेला ढीग नेहमी मोठा वाटतो. रचल्याशिवाय माप कळत नाही. म्हणून फोनवरच विचारा: रचलेलं कॉर्ड की ओतलेलं? तुकडे किती इंची? पावती देणार का?

ओल. स्टोव्हला 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलीचं लाकूड हवं. तीस डॉलरच्या आतबाहेर ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन टोकं असलेलं. लाकडाच्या बाहेरच्या बाजूला टोचलं तर ते कोरडंच दाखवतं. आधी लाकूड फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला, रेषांच्या दिशेने टोचा. 'सीझन्ड' या शब्दावर जाऊ नका. विकणाऱ्याच्या लेखी झाड गेल्या वर्षी पाडलं म्हणजे सीझन्ड, पण ते ओंडक्याच्या रूपात पडून होतं आणि फोडलं गेल्या आठवड्यात. न फोडलेला ओंडका सालीआड वर्षभर ओलाच राहतो. म्हणून प्रश्न असा विचारा: "फोडलं कधी?" भट्टीत वाळवलेलं महाग असतं, पण उशीर झालाच असेल तर तेवढं एक कॉर्ड घ्या.

यंत्र नसेल तर सासूबाईंची परीक्षा. दोन तुकडे आपटा आणि ऐका.

जात. इथे बहुतेक शुगर मेपल, बीच, यलो बर्च आणि अॅश मिळतं. अॅश मुळातच कमी ओलं, एका उन्हाळ्यात तयार होतं. ओक जळतं छान, पण त्याला दोन उन्हाळे द्या. पाइन फार लवकर जळून जातं. ते शरद ऋतूत आणि पेटवणीला ठीक. पाइनने धुरांडं खराब होतं असं सगळे सांगतात. खरं तर खराब करते ती ओल, मग झाड कोणतंही असो.

वेळ. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या वसंतात घ्या. पण एप्रिलमध्ये इथे चिखलाचे दिवस असतात. बर्फ वितळून कच्चे रस्ते लोण्यासारखे होतात आणि गावं त्यांवर जड वाहनांना बंदीच्या पाट्या लावतात. म्हणून मार्चमध्ये फोन करून नंबर लावा आणि मे महिन्यात माल मागवा. तेव्हा हिरवं, म्हणजे ओलं लाकूड स्वस्त मिळतं आणि तुम्ही ते स्वतः वाळवता. आम्हाला सगळा हिवाळा धरून साडेचार कॉर्ड लागतं. घर मोठं किंवा गळकं असेल तर जास्त.

रचणं. जमिनीवर नाही, लाकडी पॅलेटवर. उन्हात आणि वाऱ्यात, एकेरी ओळ. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. पहिल्या वर्षी मी आपल्याकडे पावसाळ्यात जळण झाकतात तशी निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली होती. आत बुरशी आली. थप्पी घराच्या भिंतीला चिकटवून लावू नका, उंदीर आणि किड्यांना आमंत्रण मिळतं.

लाकूड लांबून आणू नका. एमराल्ड अॅश बोरर हा अॅशची झाडं मारणारा हिरवा किडा 2018मध्ये व्हर्माँटमध्ये सापडला, आणि तो सरपणातूनही गावोगाव फिरतो. बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड इथे आणायला बंदी आहे. न्यू जर्सीच्या मित्राने झाड पाडलं म्हणून गाडी भरून आणाल तर ते चालणार नाही.

6. कागदपत्रं आणि सामान

स्टोव्ह बसवण्याआधी गावच्या कार्यालयात परवानगी लागते का ते विचारा. प्रत्येक गावाचा नियम वेगळा. विम्याच्या एजंटला फोनवर सांगू नका, ईमेल करा, म्हणजे पुरावा राहतो. एका फाइलमध्ये हे ठेवा:

- स्टोव्हच्या मागच्या धातूच्या पट्टीचा फोटो (प्रमाणपत्र आणि भिंतीपासूनची अंतरं त्यावर असतात)
- स्टोव्हचं माहितीपुस्तक
- बसवणाऱ्याचं बिल
- धुरांड्याचा तपासणी अहवाल, दर वर्षी एक
- एजंटचं उत्तर
- लाकडाची किंवा गॅसची पावती, आणि टाकीचा करार

पट्टी नसलेल्या जुन्या स्टोव्हला जळू शकणाऱ्या भिंतीपासून 36 इंच अंतर धरतात. नव्यांना कमी चालतं, पण आकडा पट्टीवरचाच घ्यायचा. धुरांड्याची उंची बसवणाऱ्याकडून तपासून घ्या: छतातून बाहेर येते तिथून किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आतल्या छताच्या भागापेक्षा किमान 2 फूट उंच.

सामानात ओल मोजायचं यंत्र, लाकूड फोडायची जड कुऱ्हाड, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, नळीवर लावायचा थर्मामीटर, झाकणाची धातूची बादली, आग विझवायचं नळकांडं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर. यात काटकसर नको.

7. पहिली आग, आणि फोडणी

मोठी लाकडं खाली, त्यावर लहान, सर्वांत वर काटक्या आणि वर्तमानपत्राचे बोळे. पेटवायचं वरून. आपल्या चुलीच्या बरोबर उलटं, म्हणून माझा हात कितीतरी दिवस खाली जायचा. वरून पेटवल्याने धुरांडं आधी तापतं आणि धूर कमी होतो. हवेचा खटका पहिली वीस मिनिटं पूर्ण उघडा. झोपताना खटका पार बंद करून आग धुमसत ठेवायचा मोह होतो. क्रिओसोट तेव्हाच साचतं. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, चकचकीत कागद आत जाता कामा नये.

आता खास आपल्यासाठी. मिरचीची फोडणी दिली, गॅसवरचा मोठा पंखा लावला, आणि दिवाणखाना धुराने भरला, असं झालं तर घाबरू नका. घट्ट बंद घरात तो पंखा बाहेर फेकलेल्या हवेच्या बदली हवा शोधतो आणि ती धुरांड्यातून खाली ओढतो. पंखा लावताना जवळची खिडकी दोन बोटं उघडा. आग नुकती पेटवली असेल किंवा विझत आली असेल तेव्हा हे हमखास होतं, आणि विझत आलेल्या आगीचा वायू तर दिसतही नाही. अलार्म त्यासाठीच.

एक फायदाही आहे. इथे हिवाळ्यात दही लागत नाही ही प्रत्येक मराठी घराची तक्रार. विरजणाचं भांडं स्टोव्हपासून पाच-सहा फुटांवर, टॉवेलात गुंडाळून ठेवा.

8. राख

राखेत निखारे दिवसच्या दिवस जिवंत राहतात. गार वाटली तरी कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात काढू नका. झाकणाच्या धातूच्या बादलीत काढा, बादली ओसरीच्या लाकडी फळ्यांवर नाही तर बाहेर, घरापासून दहा फूट लांब बर्फावर ठेवा. थंड झाली की लाकडाची राख थोडी थोडी बागेत चालते. सासूबाई तिनेच पितळी घासायला निघाल्या होत्या, आणि निघालीही लख्ख.

काच धुवायलाही तीच राख. ओल्या कागदाचा बोळा राखेत बुडवून चोळा. कोरडं लाकूड जाळायला लागल्यापासून मला ते पंधरा दिवसांतून एकदा करावं लागतं.